तुळजाबाईच्या कवड्या

१

आईची टाकळी या गावातून कवड्यांची माळ चोरीला गेल्याची खबर भोकरदनच्या चौकीत पोचली, तेव्हा अमीन, म्हणजे तिथले फौजदार, दीनानाथ सावरगावकर पोटावर उशी दाबून बसले होते. साल त्रेचाळीसचं, भाद्रपद संपत आलेला. सव्वीस वर्षं त्यांनी निजामाच्या पोलिसात काढली होती आणि त्यातली शेवटची दहा या पोटदुखीसोबत. जेवलं की जळजळ, न जेवलं तर त्याहून जास्त. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं कुणी चोरून नेली असती, तर त्यांनी तक्रारसुद्धा लिहून घेतली नसती.

"कवड्यांची माळ?" त्यांनी जमादाराला विचारलं. "सोन्यात मढवलेली हाये का?"

"न्हाई साहेब. नुसत्या कवड्या. पण पाटील म्हन्ले, अमीनसाहेबांनी जातीनं यावं. गाव पेटायच्या बेतात हाये."

टाकळीत रेणुकाईचं लहानसं ठाणं होतं आणि त्या ठाण्याची आराधीण होती तुळजाबाई. नवव्या वर्षी तिच्या गळ्यात एकशे आठ कवड्यांची माळ पडली. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं ती हातात परडी घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारोदार जोगवा मागत होती. लग्न नाही, घर नाही. माळ गळ्यात पडली की बाई आईची झाली. तुळजाबाईच्या आधी तिची आत्या, त्याआधी आत्याची आत्या, अशी ती माळ एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात जात आली होती. आता पाळी होती तुळजाबाईच्या भावाच्या, रखमाजीच्या, मुलीची. तिचं नाव उमा, वय बारा. चार दिवसांनी घट बसणार होते आणि त्याच दिवशी उमाच्या गळ्यात माळ पडायची होती.

दुपारी अमीन घोडीवरून उतरले तेव्हा ठाण्यापुढे माणसं जमलेली होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर थांबवलं आणि एकटेच आत वाकून गेले. देवीचे चांदीचे डोळे जागेवर होते. समोर चांदीची दोन कडी होती, तीही जागेवर. चोरानं चांदीला हात लावला नव्हता.

तुळजाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळलेला.

"कशी गेली?"

"माळेचा दोरा झिजला व्हता. पोरीच्या गळ्यात घालायच्या आधी नव्या दोऱ्यात ओवावी म्हनून काल सकाळी गळ्यातून काढली. दोरा तोडला, कवड्या परडीत ठेवल्या न् पाण्याला गेले. आले तर परडी रिकामी."

"आन् दोरा?"

तिनं कोनाड्याकडे बोट दाखवलं. तेलानं आणि घामानं काळाभोर झालेला, करंगळीएवढा जाड सुती दोरा तिथं पडला होता. अमीनांनी तो उचलला, हुंगला आणि खिशात टाकला.

"हे दोऱ्याचं कुणाला सांगितलं?"

"कुनी इचारलंच न्हाई."

"मंग सांगूही नका."

तिनं मान वर केली तेव्हा पदर जरा सरकला. सावळ्या गळ्याभोवती दोन बोटं रुंदीचा फिकट पट्टा होता. एक्केचाळीस वर्षं तिथं ऊन पोचलं नव्हतं. पट्ट्यावर बारीक बारीक खळगे उमटले होते.

"नवी माळ ओवली तर चालत न्हाई का?"

"न्हाई साहेब. या ठाण्यावर जुनीच माळ लागते. नवी घातली तर ती निस्ती माळ. जुनी हरवली तर आईनं ठाणं उठवलं असं समजायचं. मंग आराधीण व्हायची न्हाई कुनी." एवढं बोलून ती थांबली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "घट बसायला चार दिस हायेत ना, साहेब?"

तिनं चोर कोण असेल हे विचारलं नव्हतं. दिवस मोजले होते. हे अमीनांच्या लक्षात आलं, पण त्याच वेळी पोटात अशी कळ उठली की त्यांना दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं लागलं.

२

टाकळीचे पाटील, काकासाहेब, यांनी सरकारी पाहुण्याची सोय आपल्याच घरी केली होती. दारात दोन पांढरेशुभ्र बैल बांधलेले होते. पोळा होऊन महिनाही झाला नव्हता. बैलांच्या शिंगांना फासलेला लाल हिंगूळ अजून तसाच होता आणि गोठ्याच्या खुंटीला लाल लोकरीचे गोंडे आणि चामडी पट्टे टांगलेले होते.

ताटात मटणाचा लालभडक रस्सा आला. अमीनांनी त्याकडे पाहिलं आणि ताट हळूच पुढं सरकवलं.

"साहेब, मी सरळ बोलतो," पाटील म्हणाले. "माझा एकुलता एक पोरगा औंदा एकवीस दिवस तापानं फणफणत व्हता. मी आईला बोललो, पोरगं उठलं तर या नवरात्रात तुझ्या ठाण्यावर नवी आराधीण बसवीन. पोरगं उठलं. आता मला माझा शब्द पुरा करायचा हाये."

"शब्द तुमचा न् पोरगी रखमाजीची," अमीन म्हणाले.

पाटलांच्या कपाळावर आठी पडली. "पोरगी आईची हाये. रिवाजच तसा हाये. पर रखमाजी फिरला ना. आखाडीला भर चावडीवर म्हन्ला, जीव गेला तरी पोरगी देनार न्हाई. तुळजाबाईचा सख्खा भाऊ. ठाण्यात कवाबी जाऊ शकतो. माळ घालवायचं काम अजून कुनाला? बिलकुल सरळ मामला हाये. जल्दी झडती घ्या."

अमीन उत्तर देणार होते, पण आवंढ्याबरोबर आंबट पाणी घशाशी आलं आणि ते उठले. पाटलांनी लगेच जगन्नाथ वैद्यांना बोलावणं धाडलं. वैद्य साठीचे, हडकुळे, बोलायला धीमे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि पुडीतली पांढरी राखेसारखी पूड मधात कालवून चाटवली.

"अम्लपित्त जुनं दिसतंय. भस्म आहे, दोन वेळा घ्या. ताजं आहे, कालच कढवून भट्टीला लावलं, आज सकाळी उतरवलं. गावात निम्म्या लोकांना हेच चालू आहे. पाटलांनीही सकाळीच घेतलं."

घटकाभरात अमीनांच्या पोटातली आग खरोखरच निवली. दहा वर्षांत प्रथमच त्यांना वाटलं, जरा आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये. त्यांनी डोळे मिटले तोच बाहेर आरडाओरडा झाला.

"सापडली! माळ सापडली! रखमाजीच्या कडब्यात!"

३

रखमाजीचं घर गावाच्या कडेला होतं, एक खोली आणि पुढं कडब्याची गंजी. अमीन पोचले तोवर लोकांनी त्याला गंजीपाशी खाली पाडलं होतं. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. दारात उमा उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. पाटलांचा गडी माळ उंच धरून नाचवत होता.

"मागं व्हा!" अमीन ओरडले. एवढ्या मोठ्यानं ते कित्येक महिन्यांत ओरडले नव्हते. "ज्यानं हात उचलला त्याला मी भोकरदनला नेणार."

त्यांनी माळ हातात घेतली. हळद, कुंकू आणि काजळी यांनी माखलेल्या कवड्या एका काळ्या, तेलकट दोऱ्यात ओवलेल्या होत्या. दोऱ्याची गाठही जुनी वाटावी अशी मळवलेली होती. अमीनांचा डावा हात आपोआप खिशाकडे गेला. तुळजाबाईनं तोडलेला दोरा तिथं होता.

तो त्यांनी बाहेर काढला नाही. त्यांनी तुळजाबाईला पुढं बोलावलं.

"बाई, बराबर बघा. ही तुमची माळ हाये का?"

तुळजाबाईनं माळेकडं पाहिलं, जमिनीवर पडलेल्या भावाकडं पाहिलं, दारातल्या पोरीकडं पाहिलं.

"ही माझी न्हाई."

गर्दीतून आवाज उठले. "भावाला वाचवून राह्यली!" "आईच्या ठाण्यावर बसून खोटं बोलती!" पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, बाईचं आतडं तुटतं, ते मी समजतो. पर माळ सापडली. चार दिसांनी पोरीच्या गळ्यात पडंल. रखमाजीला घेऊन जा, मामला खतम."

"घेऊन जातो," अमीन म्हणाले.

उमा धावत येऊन बापाच्या कमरेला बिलगली. अमीनांनी रखमाजीला हाताला धरून उठवलं. चावडीकडं चालता चालता रखमाजी पुटपुटला, "साहेब, म्या न्हाई केलं. केलं असतं तर कडब्यात ठिवली असती का? चुलीत घातली असती."

अमीन चालता चालता थबकले. मग पुन्हा पुढं निघाले.

चावडीच्या आतल्या खोलीत त्याला बसवून त्यांनी जमादाराला दाराशी उभं केलं. "आत कुणाला सोडू नको. पाटलांना बी न्हाई."

"म्हंजे साहेब, हा चोर न्हाई?"

"हा चोर न्हाई, हे मला बराबर ठाव हाये. पण चोर कोण ते ठाव न्हाई. मला जरा पाणी दे."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीन झुंबरलालच्या दुकानात गेले. झुंबरलालच्या बापानं मारवाडातून येऊन टाकळीत किराणा मांडला होता. गूळ, मीठ, हळद, दोरखंड, गोंधळ्यांना लागणाऱ्या कवड्या, सगळं त्याच्याकडं मिळायचं.

"कवड्या द्या पंधरा-वीस," अमीन म्हणाले.

"कुठून देऊ साहेब? लढाई इकडच्या समुद्रावर आली न् मुंबईचा माल बंद. डेढ बरस झाला, एक कवडी आली नाही. जगन्नाथ वैद्य दर बाजाराला येऊन विचारतात. मी म्हणतो, बुवा, समुद्रावर तोफा चालू हायेत, कवडी कोण वेचणार?"

"वैद्यांना कवड्या कशाला लागतात?"

हे विचारतानाच अमीनांना कालची पांढरी पूड आठवली होती. पण उत्तर आतून आलं. दुकानाच्या मागच्या सोप्यात झुंबरलालची आई, चंदनबाई, सारीपाट मांडून सुनेशी खेळत बसली होती. सत्तरी उलटलेली, पण आवाज ठणठणीत.

"भस्म करतात ना. लिंबाच्या रसात उकळायची, मंग भट्टीत भाजायची. पोटातल्या आगीला त्याच्यासारखी दवा नाही."

अमीन दारातच खाली बसले. ताजं आहे, वैद्य म्हणाले होते. कालच कढवलं. दीड वर्ष गावात कवडी नाही, आणि भस्म परवाच कढवलेलं.

त्यांनी ते तसंच मनात दाबून ठेवलं आणि रुमालात गुंडाळलेली माळ चंदनबाईपुढं ठेवली. "बाईजी, तुम्ही जन्मभर कवड्या खेळलात. हिच्याबद्दल काय सांगाल?"

चंदनबाईनं लोटीभर पाणी मागवलं आणि कडेच्या चार कवड्या चोळून धुतल्या. हळद-काजळी उतरली. आतून पिवळसर, चिनीमातीसारख्या लखलखीत पाठी निघाल्या.

"झुंबरलालचे बाबूजी मुंबईच्या बंदरावर माल आणायला जायचे," ती म्हणाली. "तिथला खलाशी त्यांना सांगायचा. कवडी म्हणजे समुद्रातली गोगलगायच. जिवंत असते तोवर आपल्या अंगाची चादर दोन्ही बाजूंनी वर ओढून घेते. पाठ बाहेर दिसतच नाही. म्हणून पाठीला अशी झळाळी चढते. जीव मेला की झळाळी चढायची बंद. मंग ती नुसती उतरत जाते. हातात घ्या, गळ्यात घाला, घासा, उतरतच जाते." तिनं सारीपाटावरची एक कवडी उचलून दिली. ती खडूसारखी मंद पांढरी होती. "ही मी लग्नात आणली. रोज हातात असते. बघा हिची पाठ."

अमीनांनी दोन्ही कवड्या शेजारी धरल्या.

"तीन पिढ्या बायकांच्या गळ्यात घासलेली माळ," चंदनबाई म्हणाली, "अशी चमकेल का? ही वर्षातून एखाद दिवस घातलेली चीज हाये."

अमीन माळ उजेडाकडं धरून एकेक कवडी पाहू लागले. कवडीच्या पोटाशी दातेरी चीर असते. तिसऱ्या कवडीच्या दातांत त्यांना काहीतरी अडकलेलं दिसलं. त्यांनी सुईनं ते ओढून काढलं. आखूड, ताठ, पांढरा केस. सातव्या कवडीत आणखी एक. अकराव्या कवडीत लाल लोकरीचा धागा.

झुंबरलालचा चेहरा उतरला. अमीनांनी त्याच्याकडं पाहिलं.

"दीड वर्षापूर्वी शेवटचा माल आला तेव्हा मोठं गिऱ्हाईक कोण होतं?"

"साहेब, मला याच गावात दुकान चालवायचंय."

"मी तुमचं नाव घेणार न्हाई. मी गोठा पाहून येतो."

पाटलांच्या गोठ्यात खुंटीवरचे चामडी पट्टे अजून तिथंच होते. अमीनांनी ते हातात घेऊन उलटे केले. घुंगरं होती, लाल गोंडे होते. मधल्या भागात मात्र टाके उसवलेली भोकं होती, आणि प्रत्येक भोकाभोवती कवडीएवढी जागा उन्हानं न विटलेली, गडद राहिलेली होती.

खोटी माळ कुठून आली ते कळलं. खरी माळ कुठं गेली तेही आता त्यांना कळत होतं, आणि त्यापेक्षा न कळतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

५

वैद्यांच्या परसात लिंबाच्या सालींचा ढीग पडला होता. त्यावर माश्या घोंगावत होत्या. भट्टीतली राख अजून गरम होती.

"वैद्यबुवा, तुम्ही मला काल जे दिलंत, ते काय होतं?"

जगन्नाथ वैद्यांनी खल बाजूला ठेवला. त्यांना नाटक करता येत नव्हतं, आणि त्यांनी केलंही नाही.

"तिलाच विचारा," ते म्हणाले. "ती आत आहे. काल रात्रीपासून जेवली नाही."

तुळजाबाई माजघरात बसली होती. समोर अमीन बसले.

"दोरा कोनाड्यात राहिला," अमीन म्हणाले. "माळ चोरणारा दोऱ्यासकट नेतो. कवड्या सुट्या कुणाला लागतील? ज्याला त्या उकळायच्या हायेत त्याला. आन् सुट्या करून कोण देईल? जिच्या गळ्यात होत्या तीच. चांदीला हात लावला न्हाई, कारण घरचं माणूस घरात चोरी करत न्हाई. तुम्ही मला चोर कोण ते विचारलं न्हाई बाई. दिवस विचारले."

"म्या विचार केल्ता की नदीत टाकावी," तुळजाबाई म्हणाली. "पर केळणेला पाणी असतंच किती? कुनी तरी येचून आनलं असतं. पुरली तर उकरली असती. म्हनून हितं आनली. बुवांना म्हन्ले, अशी करा की तिची पुन्हा माळ व्हनार न्हाई."

"मी नाही म्हणालो," वैद्य दारातून बोलले. "दोनदा नाही म्हणालो. मग तिनं विचारलं, बुवा, नवव्या वर्षी माझ्या गळ्यात घातली तेव्हा तुम्ही तिथं होतात ना? मी होतो. माझ्या वडिलांसोबत. पेढा खाल्ला होता मी."

"लिंबाच्या रसात टाकल्यावर फसफसल्या," तुळजाबाई सांगू लागली. "निस्ता फेस. म्या तीन तास तिथंच बसून राह्यले. आत्याच्या, आत्याच्या आत्याच्या, समद्या जणींच्या गळ्यातल्या. मला वाटलं रडू येईल. आलं न्हाई. निस्ती झोप येत व्हती, साहेब. एक्केचाळीस सालाची झोप."

अमीनांना ती झोप कळली.

"आन् रखमाजीला मारलं तेव्हा?"

"तोंडाशी आल्तं. पर बोलले असते तर पाटलानं म्हन्लं असतं, आराधीणच फिरली, आता पोरीला नवी माळ घालू न् तीच खरी माना. घट बसेपर्यंत माळ हरवलेलीच ऱ्हायला पायजे, म्हंजे ठाणं उठलं. तुम्ही रखमाला भोकरदनला नेलं असतं तर म्या वाटेत आडवी पडून सांगितलं असतं."

अमीन उठले. गुडघे वाजले.

"मला ठाव न्हाई बाई, मी काय लिहू. उद्या चावडीवर या. बोलायचं की न्हाई ते तुमच्यावर."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव चावडीवर जमला. पाटील मधोमध लोडाला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी ताटात ती माळ, फुलं वाहिलेली. रखमाजी आणि उमा एका बाजूला. तुळजाबाई बायकांच्या मागं उभी होती.

अमीनांनी उभ्यानं बोलायचा प्रयत्न केला, मग खाली बसूनच बोलू लागले.

"ही माळ तुळजाबाईची न्हाई. पाटील, तुमच्या गड्यानं ती दोऱ्यासकट सापडवली. पण तुळजाबाईनं माळ तोडली होती. जुना दोरा परवापासून माझ्या खिशात हाये." त्यांनी तो काळा दोरा सगळ्यांपुढं टाकला. "माळेला दोन दोरे नसतात. ज्यानं ही माळ कडब्यात ठेवली त्याला ठाव नव्हतं की खऱ्या कवड्या सुट्या होत्या. म्हणजे त्यानं खरी माळ चोरली न्हाई. त्यानं खोटी बनवली."

गर्दीत कुजबूज झाली. अमीनांनी लोटीत कवड्या धुतल्या आणि पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातात दिल्या. "बघा चमक. रोज गळ्यात असलेली कवडी अशी ऱ्हाते का? ही वर्षातून एक दिवस घालतात. पोळ्याला." मग रुमालातले केस दाखवले. "हा केस माणसाचा न्हाई. पांढऱ्या बैलाचा हाये. ही लोकर लाल हाये. गावात पांढरी जोडी कुणाची हाये न् कुणाच्या पट्ट्यावरच्या कवड्या उसवलेल्या हायेत, ते मी बोलणार न्हाई. गोठा सगळ्यांनी पाहिलाय."

कुणीही पाटलांकडं बघितलं नाही, आणि म्हणूनच सगळे त्यांच्याकडं बघत असल्यासारखं झालं. काकासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. पण माणूस पाटील होता. त्यांनी आवाज चढवला.

"मानलं! माळ हरवली म्हनून गावासाठी म्या उपाय केला. पर मंग खरी कुठं हाये? चोर कोन हाये? ते सांगा ना, अमीनसाहेब!"

अमीनांनी उत्तर आधीच ठरवलं होतं. पता लागला नाही, असं म्हणायचं. सव्वीस वर्षांत कितीतरी वेळा त्यांनी ते लिहिलं होतं, कधी खरं असताना, कधी नसताना. त्यांनी तोंड उघडलं.

"तुमच्या पोटात हाये," मागून आवाज आला.

बायका बाजूला झाल्या. तुळजाबाई पुढं आली. तिनं पदर गळ्यावरून काढून टाकला होता.

"आता खोटी माळ कुनी खरी माननार न्हाई, म्हनून सांगते. म्या दिली बुवांना. म्याच तोडली, म्याच भाजवली. बुवांनी ज्याला ज्याला पांढरी पूड दिली, त्याच्या त्याच्या पोटात माझी माळ हाये. पाटील, तुमच्या बी हाये. परवा सकाळी मधात चाटली न्हाई का?"

काकासाहेबांचा हात लोडावरून निसटला. समोरच्या दोन-तीन माणसांनी नकळत आपापलं पोट चाचपलं. वैद्य खाली मान घालून उभे होते.

"आईचा कोप होईल तुझ्यावर," पाटील म्हणाले, पण आवाज फाटला.

"व्हऊ द्या. माझ्यावर एकलीवर व्हऊ द्या. दारासमोर उभं ऱ्हायचं न् लोकांनी भाकर टाकेपर्यंत गप्प ऱ्हायचं, सणाला समद्यांच्या घरी न् आपलं घर कुटं न्हाई, आजारी पडलं तर ठाण्याच्या फरशीवर, हे एक्केचाळीस साल केलं. अजून कोप म्हंजे काय असतो?" ती उमाकडं वळली, पण तिला जवळ घेतलं नाही. "पाटील, तुमचं पोरगं वाचलं. लई चांगलं झालं. त्याचा नवस तुमच्या घरानं फेडा. ही पोरगी न्हाई."

मग म्हातारी पुष्पाबाई, जी दर मंगळवारी तुळजाबाईला भाकर वाढायची, ती उठली आणि ताटातली माळ उचलून पाटलांच्या मांडीवर ठेवली.

"बैलाची हाये. बैलाला बांधा," ती म्हणाली आणि घरी निघून गेली.

गर्दी पांगल्यावर अमीन पाटलांजवळ बसले. खोटा पुरावा केल्याचा खटला त्यांना करता आला असता. पण तालुक्यात पाटलांचं वजन होतं. खटला तीन वर्षं चालला असता, आणि तोवर अमीन पेन्शनीत आणि रखमाजी गावात एकटा. त्यांच्यात तेवढा जोर उरला नव्हता, आणि याबद्दल त्यांना स्वतःला माफ करता आलं नाही.

"मी लिहितो, चोरी झाली न्हाई, मालकिणीनं स्वतः माळ मोडली. कडब्यातल्या माळेबद्दल लिहीत न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही पंचांसमोर सांगा, टाकळीचं ठाणं उठलं. पोरगी मोकळी. यातलं एक अक्षर फिरलं तर मी दुसरा कागद लिहीन."

पाटलांनी मान हलवली. अमीनांनी उर्दूत चार ओळींचा अहवाल लिहिला.

७

टाकळीत कुणी तुळजाबाईला शिव्या दिल्या नाहीत. दारं मात्र बंद झाली. दसऱ्यानंतर ती, रखमाजी आणि उमा बदनापूरवरून जालन्याला गेली, असं अमीनांना कुणीतरी सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात अमीनांची बदली जालन्याला झाली. एका सकाळी ते सरकी काढायच्या कारखान्यापाशी चौकशीला गेले होते. फाटकापाशी बायका कामाच्या पाळीची वाट बघत बसलेल्या होत्या, केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू. त्यांतली एक उठून उभी राहिली.

"अमीनसाहेब."

तिला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. ती हडकली होती. गळ्याचा पट्टा उन्हानं सावळा झाला होता.

"पोरगी?"

"पोरींच्या शाळंत जाते. दुकानाच्या पाट्या वाचत जाते. मला बी वाचून दाखवते, नको म्हन्लं तरी." ती हसली, पण लगेच थकल्यासारखी दगडावर बसली. "रखमा हमाली करून राह्यलाय. चाललंय."

"तुमचं?"

तिनं जरा विचार केला.

"मंगळवारी पाय आपोआप निघतात, साहेब. एकदा तर एका दारापुढं जाऊन उभी बी राह्यले. घरातली बाई भाकर घेऊन बाहेर आली. मंग ध्यानात आलं." तिनं ओंजळीकडं पाहिलं. "म्या म्हन्ले, भाकर नको, काम हाये का?"

"मंग?"

"व्हतं. दळण व्हतं. दळलं न् आले."

आत भोंगा वाजला. बायका उठल्या. तुळजाबाईही गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर खोचला आणि त्यांच्यात मिसळून आत गेली. अमीन फाटकापाशी थोडा वेळ उभे राहिले. मग उन्हात हळूहळू चौकीकडं चालू लागले.